फुलोऱ्याची तारीख

लटारू भोयरने कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं आणि मग विचारलं,

"साहेब, यात लिवलं काय आहे?"

पेपर मिलच्या बांबू डेपोच्या टिनाच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मिलचे मुख्य हिशेबनीस वामनराव बसले होते. कागद त्यांनी स्वतः मिलमधून टाइप करून आणला होता. आपल्या मजकुरावर कोणी शंका काढलेली त्यांना खपत नसे. पण लटारूची ही शंका नव्हती, नुसती चौकशी होती. डेपोचा मुन्शी म्हणून त्याने आयुष्यभर आधी सही आणि मग चौकशी याच क्रमाने नोकरी केली होती, आणि नोकरी टिकली होती.

"डेपोच्या हद्दीत बांबूचा पहिला फुलोरा आठ जानेवारीला दिसला, असं लिहिलंय."

"आठले?"

"का, तुला नऊ पाहिजे?"

"नाई जी, आठच बरी. आठले बाजार होता, सारेच इथी होते."

लटारूच्या सहीशेजारी आणखी एका सहीची जागा होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'स्टॉक तपासणी अधिकारी'. सुगंधा निमगडे पेन उघडून त्या जागेवर वाकली आणि तशीच थांबली.

चंद्रपूरच्या प्राणहिता पेपर मिलच्या हिशेब खात्यात शिरलेली ती पहिली बाई. तिचे वडील त्याच मिलच्या वजनकाट्यावर होते. मुलीचं वय कोणी विचारलं की ते 'धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या साली झाली' एवढंच सांगत आणि वजाबाकी समोरच्यावर सोडत. येत्या एप्रिलात वामनराव निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची सुगंधाला मिळणार होती. मुंबईच्या हेडऑफिसला जाणाऱ्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदा उमटणार होतं ते या आठ जानेवारीच्या खाली.

कंपनीचं वर्ष जुलै ते जून. म्हणजे पहिली सहामाही एकतीस डिसेंबरला संपली होती आणि तिचे आकडे आता वर्तमानपत्रात छापायचे होते. अशा आकड्यांच्या मागे काही धोरणं ठरलेली असतात. ती कोणी वाचत नाही. पण आकडे उभे असतात ते त्यांच्यावरच. त्यातलं चौथं धोरण वामनरावांच्या हातचं. सरकारकडून घेतलेला जंगलाचा पट्टा वीस वर्षांचा. त्यातले रस्ते, मोऱ्या, बांबूच्या बेटांची साफसफाई यांवर झालेला खर्च वीस वर्षांवर सारखा वाटायचा. कारण बांबू कापला की पुन्हा फुटतो, म्हणजे ही मालमत्ता संपणारी नाही. वामनरावांनी हे लिहिलं तेव्हा नागपूरच्या ऑडिटरांनी चष्मा काढून कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं वामनरावांनी आजवर जपून ठेवलं होतं.

बांबू फुलतो आणि फुलला की मरतो, हे ऐकून सगळ्यांना माहीत होतं. पण मिलमधल्या कोणाच्याच नोकरीत तो फुलला नव्हता, आणि जे आपल्या नोकरीत घडत नाही ते हिशेबात धरायची पद्धत नाही.

आता तो फुलला होता. डिसेंबर संपण्याआधी फुलला असेल, तर वाटायचा राहिलेला सगळा खर्च याच सहामाहीत बुडीत टाकावा लागणार. नफ्याच्या जागी तोटा छापून येणार, तोही वामनरावांच्या शेवटच्या हिशेबात. जानेवारीत फुलला असेल, तर तळाला एक ओळ पुरे आणि तोटा जूनमध्ये. जूनमध्ये त्या खुर्चीवर सुगंधा बसलेली असणार.

"टाका सही, निमगडेबाई. उजेडात परतायचंय."

"साहेब, यात 'समक्ष पाहून' लिहिलंय."

"ते लिहायचंच असतं."

"मग पाहून येऊ."

"काय पाहायचं? फूल? माझ्या दारात जास्वंद आहे."

"बांबूचं मी नाही पाहिलेलं. तुम्ही पाहिलंय?"

वामनरावांनी कागद पुन्हा उचलला, जणू ते दोन शब्द दुसऱ्याच कोणी घुसडले असावेत. हे शब्द त्यांनी आजवर इतक्या कागदांवर लिहिले होते की त्यांना ते रबरी शिक्क्यातलेच वाटत. आज पहिल्यांदा त्या शब्दांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं. त्यांनी टोपी घातली, बुटांकडे पाहिलं, लटारूकडे पाहिलं.

"लांब आहे का रे?"

"जवळच आहे जी. चढ तेवढा आहे."

कागद घडी करून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला.

वाट लटारूच्या क्वार्टरच्या मागून जात होती. तिथे विहिरीजवळ बांबूचं एक बेट होतं आणि त्याच्यासमोर पोचताच लटारूचा चेहरा रुसल्यासारखा झाला.

"हे पाहा. डेपोत आलो त्या साली मी डोंगरातून मुळी खोदून आनली आन् इथी लावली. डोंगरातल्याले पानी नाई, खत नाई, तो मराले लागला त समजू शकतो मानूस. याले काय कमी होतं? धुन्याचं पानी याले, भांड्याचं पानी याले. माही बायको म्हने, माह्यापेक्षा जास्त यालेच जपता."

बेटावर एक पान उरलं नव्हतं. फांद्यांवर गोंडे लगडले होते.

"हे केव्हा फुललं?" वामनरावांनी विचारलं.

"डोंगरासंगच जी. डोंगरावर कळी दिसली आन् चार दिवसांत इथी."

"तिकडचं याला कळलं कसं?"

लटारूने त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. "मले वाटलं तुमाले माहीत असंल. एवढे मोठे साहेब तुमी."

सुगंधाने पदर तोंडाशी नेला. वामनराव खाकरले.

"आणि ही कळी तुला दिसली आठ जानेवारीला."

"नाई जी. कळी त मंडईच्या वक्ताले दिसली. दिवाळी झाली, गावात मंडई भरली, नाटक झालं, तवाच."

"लटारू! तू आत्ता माझ्यासमोर सही केलीस."

"हो जी." लटारू गोंधळला नाही. "सही आठ तारखेची आहे. फूल मंडईचं आहे."

त्याच्या मते दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. वामनरावांनी बोलायला तोंड उघडलं, मग बहुधा असं आठवलं की ते स्वतःही बरीच वर्षं असंच मानत आले आहेत. तोंड मिटून ते चढू लागले. सुगंधा त्यांच्या मागे होती. खिशातल्या कागदाच्या जागी कोट थोडा फुगला होता, तिकडे तिचं पुन्हापुन्हा लक्ष जात होतं. सही नाही केली तर एप्रिलची खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळेल. केली तर ती खुर्ची मिळेल, आणि जूनमध्ये तो तोटा तिच्या हातून छापला जाईल. लोक म्हणतील, बाई बसली आणि कंपनी बसली.

चढ संपायच्या आधीच आवाज सुरू झाला. कुठेतरी मोठा पंप चालू असावा तसा एकसुरी, जमिनीतून आल्यासारखा. सुगंधा मिलच्या कॉलनीत वाढलेली, यंत्राचा आवाज तिला झोपेतही ओळखू येई. तिने विचारलंसुद्धा, "इथं कसलं मशीन आहे?"

"माशा आहे बाई," लटारू म्हणाला. "मधाच्या."

मग ते माथ्यावर आले, आणि तिघेही न ठरवता थांबले.

हिरवं काही नव्हतं. सागाची पानं तेवढी कुठे कुठे होती, ती धुळीने मळलेली. बाकी सगळा डोंगर पिकल्या धानाच्या रंगाचा झाला होता. प्रत्येक बेट, बेटातला प्रत्येक बांबू, बांबूची प्रत्येक फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत गोंड्यांनी भरलेली, आणि गोंड्यांतून बारीक पिवळे तुरे लोंबत होते. फूल म्हणून एकटं पाहिलं तर त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. जास्वंदीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण ते एकटं नव्हतं. समोरचा उतार तसा, नाल्यापलीकडची टेकडी तशी, तिच्यामागची तशी, आणि जिथे डोंगर निळे दिसायला हवेत तिथेही तोच रंग. वारा आला की पिवळी धूळ उठे, उतारावरून हळूहळू सरके आणि पुढच्या बेटांवर बसे. माशांच्या आवाजाला कुठे खंड नव्हता.

वामनरावांनी टोपी काढली. कशासाठी काढली ते त्यांना कळलं नसावं, कारण मग ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. ती हातात धरून ते उभे राहिले.

या डोंगराला ते वर्षानुवर्षं ओळखत होते. मात्र टनांमध्ये. कोणत्या नंबरच्या तुकड्यातून किती माल उतरला, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी तोच धागा धरला.

"हा कितवा नंबर?"

"सतरा, जी. मागच्या साली कापला."

"आणि तो?"

"एकवीस. यंदा कापाचा होता."

"खाली नाल्यात?"

"नाल्यातलं कोनी कदीच नाई कापलं. तिथी बैल उतरत नाई."

सतरा फुलला होता, एकवीस फुलला होता, नाला फुलला होता. कापलेला, न कापलेला, उन्हातला, सावलीतला असा काही भेद नव्हता. वामनरावांच्या पायापाशी गुडघाभर उंचीचा एक कोंब होता, गेल्या पावसाळ्यात फुटलेला, बोटाएवढा जाड. त्याच्या शेंड्यालाही एक गोंडा होता.

वामनराव वाकले. गुडघ्यांची तक्रार ऐकू आली, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"यालाही?" ते म्हणाले. "हा तर आत्ता आत्ता आला."

त्यांनी बोट लावलं तशी बोटावर पिवळी भुकटी आली.

तेवढ्यात चार पावलांवर, उताराच्या अंगाला झाडू मारल्याचा आवाज आला. एका बेटाखाली एक म्हातारी बाई वाकून जमीन झाडत होती. घराचं अंगण झाडावं तशी. पाला बाजूला, खडे बाजूला, मध्ये स्वच्छ माती. बेटाच्या भोवती लाल चिंध्या बांधल्या होत्या. वामनरावांनी आयुष्यात पुष्कळ निरुपयोगी कामं मंजूर केली होती, पण जंगल झाडणारं माणूस ते प्रथमच पाहत होते.

"ही सोमारी," लटारूने सांगितलं. "खालच्या टोल्यावरची, त्या वस्तीतली. काय वं सोमारीबाई, झाडू मारून राह्यली?"

"मंग? तू मारून देशील?" सोमारी वर न पाहता म्हणाली. मग तिने सुगंधाकडे पाहिलं आणि बोलणं तिच्याकडे वळवलं, जणू पुरुषांना सांगून फायदा नव्हता. "उनाळ्यात बी पडंल बाई. मातीत पडलं त येचता नाई येत. आताच झाडून, सारवून ठेवा लागते. आन् त्या सुकरीले सांगा, हे बेट माहं आहे. चिंधी मी बांधली. काल तिनं माह्या चिंधीवर आपली चिंधी बांधली!"

"बी कशाला?" सुगंधाने विचारलं.

"खाले! भातच राह्यते तो. धानापेक्षा गोड."

"तुम्ही खाल्लाय आधी?"

सोमारी हसली. तोंडात दात थोडेच होते. "मायनं भरवला."

वामनराव पुढे सरकले. त्यांच्या आवाजात ऑडिटरांशी बोलतानाचा नेमकेपणा आला. "म्हणजे याआधी हा फुलला ते कोणतं साल?"

"साल?"

"किती वर्षं झाली?"

सोमारीने झाडू काखेत धरला आणि तळवा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर नेला. तिथे तिने तो थोडा हलवला. आधी वर, मग जरासा खाली.

"मी येवढी होती," ती म्हणाली.

वामनराव त्या तळव्याकडे पाहत राहिले. मग तिच्या चेहऱ्याकडे, पांढऱ्या केसांकडे, पुन्हा तळव्याकडे. त्यांचे ओठ हलले. ते वजाबाकी करत होते. सुगंधाने ती वजाबाकी मध्येच सुटताना पाहिली. सोमारीच्या तळव्याच्या त्या उंचीवर, शेजारीच, तो नुकता फुटलेला कोंब होता आणि त्यावर गोंडा डुलत होता.

"तेव्हा इथं पट्टा कोणाकडे होता?" हे विचारताना त्यांचा आवाज बराच खाली आला होता. "मिल होती?"

"कोनती मिल?" सोमारी म्हणाली. ती पुन्हा झाडू लागली. तिला काम होतं.

लटारू हळूच म्हणाला, "पुढच्या पावसापोतर हे सारं वाळून जाते जी. मंग बी रुजंल. ते कापाच्या लायक कवा होईल, मले नका विचारू. आन् फुलंल त बापा..." त्याने हात वर केला आणि सोडून दिला. "आपल्यातलं कोन राहीन?"

वामनराव एका दगडावर बसले. पिवळी धूळ त्यांच्या काळ्या कोटावर, बाहीवर, डोक्यावरच्या उरलेल्या केसांवर बसत होती. एरवी कोटावर पानाचा ठिपका पडला तरी दिवसभर चिडणारे वामनराव. पण त्यांनी धूळ झटकली नाही. शेवटी सुगंधानेच सांगितलं. सांगायचं तेच होतं आणि दुसरं कोणी ते सांगणार नव्हतं.

"साहेब, समक्ष पाहिलं. आता त्या आठ जानेवारीखाली मी सही नाही करू शकत. तुम्ही दुसऱ्या कोणाची सही घ्या."

बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज मोठा वाटला. वामनराव तिच्याकडे पाहत नव्हते.

"बाई, तुमच्या पुस्तकात काय म्हणतात? खर्च कोणत्या काळात टाकायचा?"

"गोष्ट ज्या काळात घडली त्या काळात."

"हं." त्यांनी समोरच्या डोंगराकडे हात केला. "आणि ही घडली केव्हा?"

सुगंधा 'दिवाळीनंतर' म्हणणार होती. तिने विहिरीकाठचं ते बेट आठवलं, ज्याला कोणी निरोप दिला नव्हता. पायापाशी तो कोंब होता. ती वाकून त्या कोंबाकडे पाहू लागली.

उतरताना वामनरावांनी लटारूचा आधार घेतला. परतीच्या वाटेवर बंगाली निर्वासितांच्या वस्तीतल्या टपरीवर मिलची जीप थांबली. तिथे त्यांनी चहा सांगितला, तो आला, त्यावर साय धरली. त्यांनी तो तसाच ठेवला. खिशातला कागद काढला नाही आणि त्याविषयी ते बोललेही नाहीत. चंद्रपूर जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "उद्या जरा लवकर या."

दुसऱ्या दिवशी ती लवकर पोचली, तर वामनराव आधीच आले होते. कोट कालचाच होता. टेबलावर सहामाहीच्या धोरणांचा मसुदा होता आणि चौथ्या धोरणावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारलेली होती, पट्टी लावून. खाली पेन्सिलने नवीन ओळी लिहून खोडलेल्या होत्या. एके ठिकाणी 'बांबूचे आयुष्य' असे दोन शब्द होते आणि पुढे प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं.

मुंबईला ट्रंककॉल लावला होता. तो लागला तेव्हा साडेअकरा झाले होते. हेडऑफिसच्या साहेबांचा आवाज इतका मोठा होता की रिसीव्हर कानाला लावायची गरज नव्हती; सुगंधाला टेबलापलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"वामनराव! कागद तयार आहे ना? आठ जानेवारीचा?"

"नाही साहेब. तो रद्द केला. सगळा खर्च याच सहामाहीत टाकतोय. आणि चौथं धोरण मुळात चुकलं होतं, असं छापावं लागेल. माझं होतं ते."

तारेवर नुसती खरखर ऐकू आली. मग साहेबांचा आवाज जरा मऊ झाला. एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा.

"अहो, जायच्या वेळी तोटा दाखवताय? एप्रिलपर्यंत थांबलं तर काय बिघडतं? ती निमगडे बघेल की."

वामनरावांनी टेबलापलीकडे पाहिलं. सुगंधाने नजर काढून घेतली नाही.

"त्या बघतीलच. त्यांनीच बघायला नेलं."

"म्हणजे फुलोरा डिसेंबरच्या आधीचा, अशी तुमची खात्री आहे?"

"आहे."

"किती आधीचा? नोव्हेंबर? बोर्डाला तारीख सांगावी लागेल मला."

वामनरावांचा मोकळा हात टेबलावर होता. तो त्यांनी हळूहळू उचलला, कडेच्या बाहेर नेला आणि तळवा उताणा न करता जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर हवेत धरला. मुंबईला ते दिसणार नव्हतं.

"कंपनी सुरू व्हायच्या आधीचा, साहेब."

"काय? ऐकू आलं नाही. कशाच्या आधी?"

मध्येच टेलिफोन ऑपरेटरचा कंटाळलेला आवाज आला. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

वामनरावांनी त्याच हाताने सुगंधाला खुर्ची पुढे ओढून घ्यायची खूण केली.

"वाढवा," ते म्हणाले.